एका चिमुकल्या लघुग्रहाची कक्षा ठरताना

लघुग्रहांच्या निरीक्षणांची जगभरची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर एक यादी असते आणि ती दिवसरात्र बदलत राहते. कुठल्या तरी सर्वेक्षणाच्या दुर्बिणीला एखादा सरकणारा ठिपका दिसतो. तो ओळखीच्या लघुग्रहांपैकी कुणाशी जुळत नाही आणि चाल बघता पृथ्वीच्या आसपासचा असावा अशी शंका येते. मग तो या यादीत दाखल होतो. नाव नसतं. शोधणाऱ्यांनी दिलेला एक तात्पुरता कोड, पृथ्वीजवळचा असण्याच्या शक्यतेचे शंभरपैकी गुण, अंदाजे प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका पिंड मंद), आतापर्यंतची निरीक्षणं आणि शेवटचं दिसून किती वेळ झाला, एवढीच माहिती. गुण पासष्टच्या वर असतील तरच यादीत प्रवेश. पुढचं काम जगात ज्याच्या डोक्यावर त्या वेळी अंधार असेल आणि ज्याच्याकडे बरी दुर्बीण असेल त्याचं.

या यादीतल्या एका पिंडाचा मी शेवटपर्यंत पाठपुरावा केला, त्याची ही हकिकत. पिंड अगदीच किरकोळ होता. त्याची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावर आहे असं धरून काढलेली) २७ च्या घरात, म्हणजे पृष्ठभाग उजळ असेल तर दहाएक मीटर आणि काळाकुट्ट असेल तर वीस-बावीस मीटर. नक्की आकार अजूनही कुणाला ठाऊक नाही, कारण नुसत्या उजेडावरून आकार काढायचा तर पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो हे गृहीत धरावं लागतं. असल्या पिंडांच्या बातम्यांत 'बसएवढा', 'इमारतीएवढा' असं ठणकावून लिहिलेलं असतं तेव्हा मला नेहमी विचारावंसं वाटतं, बस दहा मीटरची की वीसची?

मी हा निवडला तो सोयीसाठी. प्रत १९ च्या थोडी पुढे, म्हणजे माझ्या चौदा इंची दुर्बिणीच्या आवाक्यात, पण जेमतेम. आकाशात मध्यरात्रीनंतर चांगला उंचावर येणार होता. आणि शेवटच्या निरीक्षणाला काही तास उलटून गेले होते, त्यामुळे तो हातचा जाण्याची शक्यता खरी होती. यादीत प्रत्येक पिंडापुढे एक नकाशा मिळतो, त्यात ठिपक्यांचा एक लांबट थवा दिसतो. प्रत्येक ठिपका म्हणजे तोवरच्या निरीक्षणांत बसणारी एकेक कक्षा, आणि त्या कक्षेवर पिंड असला तर तो आत्ता आकाशात कुठे असेल ते स्थान. या पिंडाचा थवा माझ्या कॅमेऱ्याच्या अर्ध्या अंशाच्या चौकटीत कसाबसा मावत होता. आणखी एक-दोन तास गेले असते तर मावला नसता.

गती मिनिटाला सुमारे ४० विकला होती (एका अंशात साठ कला, एका कलेत साठ विकला). ऐकायला किरकोळ वाटतं, पण याचा अर्थ तासाभरात ४० कला, म्हणजे चौकट सोडून पसार. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सव्वा विकलेचा. पिंड दोन सेकंदांच्या आत एक पिक्सेल ओलांडतो. लांब एक्स्पोजर दिलं तर तो रेघ बनतो आणि प्रकाश त्या रेघेवर पसरून पार्श्वभूमीत विरून जातो. म्हणून चार-चार सेकंदांची भरपूर चित्रं घ्यायची आणि नंतर संगणकावर ती एकावर एक रचायची, पण ताऱ्यांच्या नव्हे, पिंडाच्या चालीप्रमाणे सरकवत. एकेकट्या चित्रात काहीसुद्धा दिसत नाही. साठ चित्रं अशी रचली की सगळे तारे समांतर, एकाच लांबीच्या रेघा होतात आणि त्यांच्या मधोमध एक गोल ठिपका उभा राहतो. गती किंवा दिशा थोडी चुकीची भरली की तो ठिपका पसरट होतो, बरोबर भरली की टोकदार होतो. किल्ली फिरवत रेडिओवर स्टेशन लावावं तसं हे ठिपका लावणं चालतं.

त्या रात्री पहिल्या गठ्ठ्यात ठिपका होता, दुसऱ्यात अगदी फिका, तिसऱ्यात पुन्हा ठळक. पहिल्यांदा करणारा माणूस इथे घाबरतो, पण हे लहान लघुग्रहांचं नेहमीचंच वागणं आहे. ओबडधोबड असतात आणि भरभर गिरक्या घेतात. २००८ टीसी३ नावाचा चारेक मीटरचा पिंड साधारण दीड मिनिटात एक गिरकी घेत होता. फिरताना रुंद बाजू आपल्याकडे आली की उजळ, अरुंद आली की मंद.

आता मोजमाप. स्थान मोजायचं ते ताऱ्यांच्या संदर्भाने, आणि ताऱ्यांची स्थानं युरोपच्या गाया उपग्रहाच्या सूचीतून. या सूचीने आमच्यासारख्या हौशी लोकांचं आयुष्य बदललं. पूर्वी सूचीतल्या ताऱ्यांच्या स्थानांतच पाव-अर्ध्या विकलेची गफलत असायची. आता ती काळजी मिटली आहे. उरते ती वेळ. पिंड सेकंदाला दोन तृतीयांश विकला सरकतोय, तेव्हा घड्याळ अर्धा सेकंद मागे असेल तर स्थान एक तृतीयांश विकलेने चुकलं, तेही बरोब्बर त्याच्या चालीच्या दिशेत, जिथली चूक कक्षेला सगळ्यात जास्त बाधते. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलं म्हणून काम भागत नाही. शटर उघडल्याचा आदेश आणि प्रत्यक्ष उघडणं यांत उशीर होतो, फाइलवर वेळेचा शिक्का त्याहून उशिरा बसतो, आणि हा उशीर कॅमेऱ्यागणिक वेगळा.

तो तपासायची एक नामी युक्ती आहे: दिशादर्शक उपग्रहांचे फोटो काढायचे. त्यांची स्थानं काही सेंटिमीटरपर्यंत नेमकी प्रसिद्ध होतात, आणि ते आकाशात सेकंदाला तीस-चाळीस विकला पळत असतात. म्हणजे वेळ एक दशांश सेकंदाने चुकली तर फोटोत उपग्रह तीन-चार विकला पुढेमागे दिसतो; लपायला जागाच नाही. मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन उपग्रह टिपतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुर्बिणीचा आरसा चार इंच मोठा करण्यापेक्षा या कामाने निरीक्षणांचा दर्जा जास्त सुधारतो, असं माझं ठाम मत आहे.

स्थानं ठरलेल्या साच्यात भरून, आपल्या निरीक्षण केंद्राचा तीन अक्षरी कोड घालून मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायची. हा कोड आधी मिळवावा लागतो: ज्यांची कक्षा पक्की आहे अशा लघुग्रहांची निरीक्षणं पाठवायची, त्यांची अचूकता तपासली जाते, मग कोड मिळतो. काही मिनिटांत स्वयंचलित पोच येते. तासाभराने यादी पुन्हा उघडली तर आपल्या पिंडापुढच्या निरीक्षणांचा आकडा वाढलेला असतो आणि नकाशातला थवा आकसलेला. या कामातलं एवढंच बक्षीस, आणि मला ते पुरतं.

इथपर्यंतचं काम पुष्कळ जण करतात आणि इथेच थांबतात. कक्षेचं गणित मायनर प्लॅनेट सेंटर करतंच, आपण कशाला करायचं? मी करतो, कारण माझी निरीक्षणं त्या गणितात नेमकी कुठे आणि किती लागली, हे स्वतः केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी फाइंड ऑर्ब नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सगळ्या केंद्रांची निरीक्षणं त्यात ओतायची आणि बघत बसायचं.

कक्षा म्हणजे सहा आकडे. लंबवर्तुळ केवढं, किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी किती कललेलं, कुठल्या दिशेला वळलेलं (याचे दोन आकडे), आणि पिंड त्यावर आत्ता कुठे. आता एका रात्रीतून काय हाती लागतं ते पाहा. विषुवांश आणि क्रांती हे स्थानाचे दोन आकडे, आणि त्या दोन्ही दिशांतल्या गतीचे दोन. झाले चार. पिंड किती लांब आहे आणि आपल्याकडे येतोय की दूर जातोय, याबद्दल आकाशातला ठिपका काहीही बोलत नाही. जवळचा आणि हळू चालणारा पिंड, लांबचा आणि वेगाने पळणारा पिंड, दोघे आकाशात एकसारखेच सरकताना दिसू शकतात. त्या थव्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे या दोन हरवलेल्या आकड्यांची एकेक अटकळ.

गणितज्ञ गाउसपुढेही हाच पेच होता. खगोलज्ञ पियाझ्झीने १ जानेवारी १८०१ ला सिसिलीतल्या पालेर्मोहून सेरेस हा पहिला लघुग्रह शोधला, ११ फेब्रुवारीपर्यंत पाहिला, आणि मग तो सूर्याच्या उजेडात गडप झाला. चोवीस वर्षांच्या गाउसने त्या तुटपुंज्या निरीक्षणांतून तीन निवडली, त्यांचे सहा आकडे घेतले, सहा अज्ञातं सोडवली, आणि ३१ डिसेंबर १८०१ ला फॉन त्साख या खगोलज्ञाला सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ सापडला. फाइंड ऑर्बमध्ये आजही गाउसच्या नावाचं बटण आहे. मात्र त्याच्याकडे एक्केचाळीस दिवसांच्या निरीक्षणांचा पट्टा होता. माझ्याकडे काही तासांचा. इतक्या आखूड पट्ट्यावर ते बटण दाबलं तर उत्तर येतं, पण त्या उत्तरावर भरवसा ठेवायचा नसतो. माझ्या पहिल्या गणितात दीर्घ त्रिज्या (लंबवर्तुळाची निम्मी लांबी) १.१ पासून २.५ खगोलीय एककांपर्यंत कुठेही चालत होती; एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर.

तरीही जवळच्या पिंडाबाबत पृथ्वी स्वतः मदतीला येते. निरीक्षक स्थिर नसतो, पृथ्वीबरोबर फिरत असतो. दोन तासांत तो अडीच-तीन हजार किलोमीटर सरकतो. पिंड ३० लाख किलोमीटरवर असेल तर निरीक्षकाच्या या सरकण्यामुळे त्याचं आकाशातलं स्थान दोनशेएक विकला ढळतं. यातला बराचसा भाग पिंडाच्या स्वतःच्या चालीत बेमालूम मिसळतो आणि वेगळा काढता येत नाही. पण निरीक्षक सरळ रेषेत जात नाही, वर्तुळात फिरतो. म्हणून पिंडाचा मार्ग किंचित वाकतो. तो बाक मोजला की अंतर मिळतं. यासाठीच एका झटक्यात वीस मापं घेण्यापेक्षा चार-पाच तासांवर पसरलेली चार मापं हजारपट कामाची. मी मध्यरात्री एक गठ्ठा घेतला, मग थेट पहाटे, पिंड पश्चिमेकडे झुकू लागल्यावर. पहाटेची स्थानं ओतली आणि अंतर ०.०२ खगोलीय एककाच्या जवळ येऊन ठरलं. चंद्राच्या अंतराच्या साधारण आठपट.

दुसऱ्या रात्री दुसऱ्या खंडातल्या दोन केंद्रांनी तो टिपला आणि चित्र पालटलं. दीर्घ त्रिज्या १.३५ ते १.४५ मध्ये आली. यादीतून पिंड उतरला, त्याचं परिपत्रक निघालं, त्याला रीतसर वर्ष आणि अक्षरांचं नाव मिळालं. परिपत्रकात शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या ओळींखाली माझ्या कोडच्या ओळी होत्या.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो आणि बाहेरच्या माणसाला सांगायला सगळ्यात अवघड जातो. तो म्हणजे अवशेषांचा तक्ता. प्रत्येक निरीक्षणापुढे दोन आकडे: गणिताने सांगितलेल्या जागेपेक्षा प्रत्यक्ष ठिपका विषुवांशात किती सरकलेला आणि क्रांतीत किती. निरोगी केंद्राचे आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात: अधिक ०.२, उणे ०.३, अधिक ०.१. एका केंद्राचे मात्र सगळे एकाच बाजूला होते, अधिक ०.८, अधिक ०.९, अधिक ०.८, आणि तेही थेट चालीच्या दिशेत. असं दिसलं की ओळखायचं, घड्याळाचा घोळ. ठिपका त्यांनी नीट मोजलाय, वेळ चुकलीय. अशा मापांचं वजन कमी करायचं, सरसकट फेकायची नाहीत, कारण चालीच्या आडव्या दिशेत ती उत्तमच असतात. एखादं एकटं माप तीन विकला बाहेर असेल तर बहुतेक वेळा ठिपक्याशेजारी एखादा मंद तारा चिकटलेला निघतो.

पिंड पुढचे काही दिवस जवळ येत राहिला. सर्वांत जवळ आला तेव्हा १८ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या अंतराच्या पाचपटीहून थोडा आत. गती मिनिटाला ७० विकलांच्या आसपास गेली, प्रतही सुधारली, त्यामुळे एक्स्पोजर निम्मं करून भागलं.

या टप्प्यावर ओळखीतल्या लोकांचा ठरलेला प्रश्न: आदळणार का? अगदी सुरुवातीच्या थव्यात पृथ्वीवर येणाऱ्या एखाद-दोन कक्षा बहुतेक नव्या पिंडांच्या बाबतीत असतात; पहाटेचा बाक हाती आला तेव्हाच त्या गळून पडल्या होत्या. पण धडकेच्या शक्यतेची टक्केवारी आधी वाढते आणि मग कोसळते याचं लोकांना आश्चर्य वाटतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. २०२४ वायआर४ या लघुग्रहाचं उदाहरण ताजं आहे. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीने तो शोधला. २२ डिसेंबर २०३२ ला धडकेची शक्यता एक टक्क्यावर गेली, मग दोनवर, १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर, आणि आठवडाभरातच नगण्य झाली. लोक म्हणाले, शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. वास्तविक गणित एकदाही फिरलं नव्हतं. २०३२ च्या त्या दिवशी पिंड जिथे असू शकेल तो पट्टा लाखो किलोमीटर लांब होता आणि पृथ्वी त्यात कुठेतरी होती. निरीक्षणं वाढली तसा पट्टा आखडला, पण पृथ्वी आतच राहिली. लहान पट्ट्यातला तेवढ्याच पृथ्वीचा हिस्सा साहजिकच मोठा. शेवटी पट्ट्याची कड पृथ्वीच्या अलीकडे सरकली आणि हिस्सा शून्याकडे गेला.

उलट बाजूचं उदाहरण २००८ टीसी३. ६ ऑक्टोबर २००८ ला कॅटालिना सर्वेक्षणात दिसला आणि सुमारे वीस तासांनी सुदानच्या नुबियन वाळवंटावर वातावरणात फुटला. वीस तासांहून आखूड निरीक्षण-पट्ट्यावर नेम एवढा अचूक लागला, कारण पिंड इतका जवळ होता की तो बाक प्रचंड मोठा होता आणि शेकडो निरीक्षणं जमली होती. नंतर खार्तूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगा करून चालत त्याचे तुकडे वेचले. ज्या पिंडाची कक्षा अवकाशात असताना मोजली आणि तुकडे हातात घेतले, असा तो पहिलाच.

माझा पिंड यातल्या कुठल्याच प्रकारातला नव्हता. आला तसा गेला. दूर जाताना आठवडाभरातच प्रत २१ च्या पुढे घसरली आणि माझी दुर्बीण बाद झाली. मोठ्या आरशांच्या केंद्रांनी आणखी काही दिवस तो धरून ठेवला, मग चंद्राचा उजेड आड आला, आणि चंद्र बाजूला झाला तोवर पिंड त्यांच्याही पलीकडे होता. एवढ्या लहान पिंडाचं हेच असतं. ०.१ खगोलीय एककावर गेला की २३ व्या प्रतीच्या आसपास. जुन्या संग्रहातल्या चित्रांत तो आधी कधी चुकून टिपला गेलाय का, तेही धुंडाळलं. मोठ्या लघुग्रहांना ही युक्ती तारते. अपोफिसच्या बाबतीत डिसेंबर २००४ मध्ये धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती, ती त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या चित्रांत तो सापडल्यावर उतरली. दहा-वीस मीटरच्या पिंडासाठी संग्रह बहुधा रिकामाच असतो, माझ्या वेळीही होता.

शेवटचं गणित असं: दीर्घ त्रिज्या १.४ खगोलीय एकक, उत्केंद्रता (लांबटपणा) ०.३२, कल बाराएक अंश. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना ०.९५, सर्वांत दूर असताना १.८५, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या किंचित आतून मंगळाच्या कक्षेच्या पलीकडे. दीर्घ त्रिज्या एकापेक्षा जास्त आणि उपसूर्य अंतर (सूर्यापासूनचं सर्वांत कमी अंतर) १.०१७ च्या आत, म्हणून पृथ्वीची कक्षा ओलांडणाऱ्या लघुग्रहांचा अपोलो गट. सूर्याभोवती एका फेरीला साधारण वीस महिने.

या आकड्यांतला दीर्घ त्रिज्येचा शेवटचा दशांश सर्वांत मोलाचा, आणि त्यासाठीच ही सगळी उठाठेव. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीनंतर दीर्घ त्रिज्येत एक सहस्रांशाची शंका होती. तेवढ्याने एका फेरीच्या काळात पंधराएक तासांचा फरक पडतो आणि तीन फेऱ्यांत दोन दिवसांचा. दोन दिवसांत पृथ्वी आपल्या कक्षेत ५० लाख किलोमीटर पुढे गेलेली असते. इतक्या अनिश्चिततेत पिंड पुन्हा शोधणं म्हणजे नव्यानेच शोधणं. मोठ्या दुर्बिणींची शेवटची मापं धरून शंका विसावा हिस्सा राहिली, आणि तीन फेऱ्यांतली चूक सव्वादोन तासांवर आली. सगळ्या मापांतली काही-काही काढून मी गणित पुन्हा चालवून पाहिलं. माझी पहिल्या रात्रीची सगळी निरीक्षणं वगळली तरी अंतिम कक्षा फारशी हलत नाही. शेवटच्या रात्रीचं एक मंद, जेमतेम दिसणारं माप वगळलं की शंका जवळजवळ दुप्पट होते. पण पहिल्या रात्रीची मापं नसती तर शेवटच्या रात्री दुर्बीण कुठे वळवायची हे कुणालाच माहीत नसतं.

तीन फेऱ्या म्हणजे पाच वर्षांना साधारण अकरा दिवस कमी. त्या वेळी पृथ्वी भेटीच्या जागेपासून अकरा दिवस मागे असेल, त्यामुळे पिंड जाईल तो तीनेक कोटी किलोमीटरवरून, २४ व्या प्रतीचा. शोधायचा पट्टा अर्ध्या-पाऊण अंशाचा. माझ्या आवाक्याबाहेरचं काम, पण चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर आरशाची एका चित्रातली मर्यादा साधारण तेवढीच आहे. तिथे तो आपसूक टिपला गेला तर आधी अनोळखी म्हणूनच नोंदला जाईल, आणि मग मायनर प्लॅनेट सेंटरचा संगणक जुन्या कक्षांशी ताडून पाहील. जुळला, तर निरीक्षणांचा पट्टा काही आठवड्यांवरून एकदम पाच वर्षांचा होईल.